गाठीचा साचा, चिनी सिंह आणि माझा फसलेला सिनॉप्सिस

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. "दादा, पेट निघाली. पण टॉपिक सांगितला की सगळे हसतात. म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवर काय पीएचडी करणार?" त्याचा टॉपिक इथे सांगत नाही, तो त्याचा आहे. पण हा प्रश्न मीही ऐकलेला आहे. माझा टॉपिक होळीची गाठी.

मी एमएस्सी केमिस्ट्री. पीएचडी मात्र विज्ञानाच्या इतिहासात करतोय. गाव संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा. आमच्याकडे होळीला लहान पोरांच्या गळ्यात साखरेची गाठी घालतात. दोऱ्यात ओवल्यासारखे पांढरे गोल, मध्ये एक मोठं पदक. बाकी महाराष्ट्रात ती पाडव्याला गुढीवर कडुलिंबासोबत चढते. वऱ्हाडात तिचा मान होळीचा. खानदेशात याच सुमारास साखरेचे हार-कडे निघतात.

आज गाठीचा इतिहास कसा शोधायचा ते सांगतो. त्याआधी माझं काय चुकलं ते सांगतो, कारण ती चूक तुम्हीही करणार आहात.

पहिला सिनॉप्सिस

पहिल्या वर्षी लायब्ररीत चिनी साखर-कलेबद्दल वाचायला लागलो आणि वेडाच झालो. चीनच्या सिच्वान प्रांतात, चेंगदू शहराच्या आसपास, साखरेची चित्रं काढणारे कारागीर आहेत. तांब्याच्या छोट्या भांड्यात साखर वितळवायची, तेलाचा हात फिरवलेल्या संगमरवरी फरशीवर पळीने बारीक धार सोडायची आणि त्या धारेनेच ड्रॅगन, मासा, पक्षी काढायचा. वर बांबूची काडी चिकटवायची आणि उलथण्याने चित्र अलगद सोडवायचं. गाड्यावर एक फिरता काटा असतो. पोरगं तो फिरवतं, काटा ज्या प्राण्यावर थांबेल तो मिळतो. ड्रॅगन लागला तर नशीब. चेंगदूची ही कला २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

दुसरी कला फुंकणाऱ्यांची. गरम चिकट पाकाचा गोळा घ्यायचा, त्याची नळी ओढायची, तोंडाने हवा भरायची आणि बोटांनी चिमटे घेत उंदीर, कोंबडा, माकड घडवायचं. काच फुंकतात तसं.

हे वाचताना मला सोनाळ्याची यात्रा आठवली. तिथे लहानपणी एक माणूस उंच काठीवर गुलाबी-पांढरी चिकट मिठाई गुंडाळून फिरायचा. काठीच्या टोकावर टाळ्या वाजवणारी बाहुली. तो मिठाईची तार ओढून आपल्या मनगटावर घड्याळ बांधून द्यायचा. विंचू, मोर, अंगठी, काय म्हणाल ते. घरी पोचेपर्यंत घड्याळ पोटात गेलेलं असायचं.

मग काय, डोक्यात गणित जुळलं. हिंदीत साखरेला चीनी म्हणतात. चीनमध्ये साखरेच्या आकृत्या आहेत. आपल्याकडेही आहेत. म्हणजे गाठी चीनहून आली! सिनॉप्सिसचं शीर्षकच तसं ठेवलं.

आरआरसीसमोर पाच मिनिटं बोललो. एका सरांनी शांतपणे विचारलं, "चीनी या शब्दाशिवाय पुरावा काय?" मी साम्य सांगायला लागलो. सर म्हणाले, "वटवाघूळही उडतं आणि चिमणीही. म्हणून ती बहिणी होत नाहीत. तीन प्रश्नांची उत्तरं आणा. पाक कोणता? साचा कोणता? साखर कुठून आली?" सिनॉप्सिस परत.

त्या दिवशी राग आला होता. आज माझ्या प्रबंधाची प्रकरणं त्याच तीन प्रश्नांवर उभी आहेत.

प्रश्न पहिला: पाक कोणता?

इथे केमिस्ट्री कामी आली. साखरेचा पाक थंड झाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, रेणू ओळीने बसतात आणि स्फटिक होतात. दोन, ओळ लावायला वेळच मिळत नाही आणि सगळं जसं आहे तसं गोठतं. त्याला आम्ही काच म्हणतो. ही काच वाळूची नसून साखरेची, एवढाच फरक.

चेंगदूचा ड्रॅगन ही काच आहे. साखर जवळपास सगळं पाणी उडेपर्यंत तापवतात, साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि थंड फरशीवर पातळ धार सोडतात. ती क्षणात गोठते. म्हणून चित्र पारदर्शक आणि सोनेरी दिसतं. रावळगावची गोळी आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये साखर कारखाना काढला आणि १९४२ मध्ये तिथे गोळ्या सुरू झाल्या. तोंडात फिरवली की दातांवर टकटक वाजणारी ती गोळी, तीही काचच.

आपली गाठी मात्र स्फटिक आहे. तिचा पाक बऱ्याच कमी तापमानाला, साधारण ११५ ते १२० अंशांच्या आसपास उतरवतात आणि कढईच्या कडेला घोटतात. घोटल्यामुळे असंख्य बारीक स्फटिक एकदम जन्माला येतात, पाक दुधट होतो आणि तेवढ्यात साच्यात ओततात. या बारीक स्फटिकांवर प्रकाश विखुरतो म्हणून गाठी पांढरीशुभ्र दिसते. रंग घातलेला नसतो.

पुण्याकडचे हलव्याचे दागिनेही स्फटिकाच्याच घरातले. खसखस किंवा साबुदाण्याचा दाणा परातीत घेऊन मंद शेगडीवर थेंब थेंब पाक टाकत बोटांनी फिरवत राहायचं. दाण्यावर थर चढतात आणि काटे फुटतात. संक्रांतीला काळ्या साडीवर नवरी जे मिरवते ते हे हळूहळू वाढवलेले स्फटिक. तासन् तास शेगडीपुढे बसलेल्या बायकांच्या हाताचं ते काम आहे.

काच हवेतलं पाणी चटकन ओढते आणि चिकट होते. स्फटिक साखर तसं करत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर ती कोरडीच राहते. म्हणून चेंगदूचा ड्रॅगन हातात घेऊन लगेच खायचा असतो आणि गाठी दिवसभर पोराच्या गळ्यात, नाहीतर गुढीवर लटकू शकते. दिसायला दोन्ही साखरेची कला. वापर वेगळा, म्हणून पाक वेगळा.

आता फुंकणाऱ्यांकडे या. त्यांचा कच्चा माल मुळात उसाचा नाही. तो मोड आलेल्या धान्यापासून काढलेला माल्टोजचा पाक आहे. तो सहजासहजी स्फटिक होत नाही, ताणला जातो, म्हणून फुंकता येतो. चीनमध्ये हे तंत्र उसाच्या साखरेपेक्षा जुनं. सहाव्या शतकातल्या जिया सश्ये याच्या शेतीविषयक ग्रंथात धान्यापासून असा गोड पाक करण्याच्या कृती आहेत. म्हणजे चीनमध्येच साखरेच्या आकृत्यांची दोन वेगळी घराणी निघाली, एक उसाचं आणि एक मोडाच्या धान्याचं. मी दोघांना एकाच पिशवीत घालून वर आपली गाठीही कोंबली होती.

थोडं फिल्डवर्क: दूध, लिंबू आणि खारं पाणी

पाकाचं पुस्तकी ज्ञान घेऊन मी आमच्या तालुक्यातल्या एका काकांकडे गेलो. तीन पिढ्या गाठी करणारं घर. होळीआधी महिनाभर भट्टी. त्यांनी पाकात दूध टाकलं तेव्हा मी लगेच वहीत लिहिलं, "दूध: पांढरेपणासाठी."

काका हसले. "पांढरं कराले नाई टाकत बापू. मयी वर याले टाकतो."

बरोबर. दुधातलं प्रथिन मळीला धरून फेस होऊन वर येतं आणि झाऱ्याने काढून टाकता येतं. वहीतली ओळ खोडली.

मग मी शहाणपणा केला. घरी येऊन स्वतः गाठी करायला बसलो आणि मळी चांगली निघावी म्हणून वर दोन लिंबं पिळली. पाक रात्रभर साच्यात पडून राहिला, पण घट्ट होईना. सकाळी आई म्हणाली, "हे काय, काकवी केली का?" कारण साधं होतं. लिंबाच्या आम्लाने साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि हे दोघे स्फटिकांची ओळ लागू देत नाहीत. गोळ्यांच्या कारखान्यात हेच मुद्दाम घडवतात, कारण त्यांना काच हवी असते. एमएस्सीला हे मी पाठ करून मार्क मिळवले होते. कळलं ते त्या दिवशी.

तिसरी गोष्ट पाण्याची. संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरतो आणि खालचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी खारं. या पाण्याने आमच्या भागात मूत्रपिंडाचे आजार किती झाले हे इथल्या कुठल्याही घरात विचारा. आता वान धरणावरून नळाचं पाणी येतं. काका सांगत होते की त्यांचे वडील पाकासाठी गोड्या विहिरीचं पाणी बैलगाडीने आणायचे. "पानी खारं असलं तं गाठी बसत नाई, चिकट राह्यते." साखर कारखान्यांचं शास्त्रही तेच सांगतं. रसात सोडियम-पोटॅशियमचे क्षार जास्त असले की साखर मळीतच अडकून राहते, तिचा दाणा नीट पडत नाही. काकांच्या वडिलांना सोडियम ठाऊक नव्हतं, बैलगाडी जुंपायची कधी ते ठाऊक होतं.

माझ्यासाठी हा एका दगडात सापडलेला पुरावा आहे. गाठी कुठे बनते आणि कुठे विकत आणली जाते, याचा नकाशा काढायचा तर गोड्या विहिरींचा नकाशा शेजारी ठेवावा लागेल. असं कुठल्या ग्रंथात मिळालं नसतं.

प्रश्न दुसरा: साचा कोणता?

साखर उरत नाही. खाल्ली जाते, विरघळते, मुंग्या नेतात. संग्रहालयात तीनशे वर्षांपूर्वीची गाठी ठेवलेली दिसणार नाही. उरतो तो साचा.

काकांचा साचा सागवानी. दोन फळ्या, समोरासमोर कोरलेल्या, मध्ये दोरा बसायला खाच. वापरायच्या आधी साचा पाण्यात भिजवतात म्हणजे साखर लाकडाला धरत नाही. दोरा ठेवायचा, फळ्या आवळून बांधायच्या, पाक ओतायचा, बसला की उघडायचा. गाठीचा आकार लाकडाने ठरवलेला असतो, पण ती भरीव होते ती घोटलेल्या पाकामुळे.

आता याच्या शेजारी १६३७ सालचं चीन ठेवू. सोंग यिंगशिंग या लेखकाने त्या वर्षी 'थ्येनकुंग खायवू' हा कारागिरीचा ग्रंथ छापला. त्यात साखरेचे प्राणी कसे करावेत याचा एक छोटा उतारा आहे. मोठ्या कढईत पन्नास चिन साखर (एक चिन म्हणजे साधारण अर्धा किलो), मंद आच. तीन अंड्यांचा पांढरा बलक थंड पाण्यात कालवून त्यात सोडायचा. काळी मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. मग सिंह आणि हत्तींचे दोन भागांचे साचे घ्यायचे, पाक आत ओतायचा आणि लगेच उलटा करून बाहेर सांडायचा! साच्याला चिकटलेला पातळ थर तेवढा गोठतो. आतून पोकळ सिंह तयार. मेजवानीत मांडायला.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा काकांची भट्टीच डोळ्यासमोर आली. तीच मळी, तोच झारा, दोन भागांचा साचा. फक्त दुधाच्या जागी अंडं. देवापुढे आणि गुढीवर चढणाऱ्या पदार्थात आपल्याकडे अंडं चाललं नसतं, दूध चालतं. काम दोघांचं एकच, प्रथिनाने मळी धरणं.

पण सरांचं वटवाघूळ विसरू नका. साच्यातली साखर आणखी कुठे कुठे आहे बघा. उत्तर भारतात दिवाळीला साखरेचे हत्ती-घोडे, ज्यांना तिकडे खिलौने म्हणतात. इजिप्तमध्ये पैगंबर जयंतीला लाकडी साच्यात ओतलेली साखरेची बाहुली आणि घोडेस्वार. अकराव्या शतकात कैरोला गेलेल्या नासिर खुसरो या फारसी प्रवाशाने सुलतानाच्या मेजवानीत साखरेचं झाड मांडलेलं पाहिलं आणि लिहून ठेवलं. मेक्सिकोत मृतांच्या सणाला साखरेच्या कवट्या करतात.

आता हे सगळं एकाने दुसऱ्याकडून घेतलं का? काही घेतलं असेल. पण एक शक्यता नेहमी आधी तपासायची. साखर वितळते आणि थंड झाली की ज्यात ओतली त्याचा आकार घेते. हा तिचा गुणच आहे. ज्याच्या घरी साखर, आच आणि कोरलेलं लाकूड आहे, त्याला ही युक्ती सुचायला परदेशी गुरू लागत नाही. म्हणून नुसता "साचा आहे" हा पुरावा कमजोर. पोकळ की भरीव, दोरा आत की बाहेर, मळी कशाने काढली, लाकूड की धातू की माती, या बारकाव्यांत पुरावा असतो. चिनी सिंह पोकळ आणि मांडायचा. गाठी भरीव, दोऱ्यावरची आणि घालायची. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये यातला एकही बारकावा नव्हता.

शब्दांची साक्ष आणि तिची मर्यादा

शब्दांवर विश्वास ठेवूच नये का? ठेवावा, पण शब्द कशाची साक्ष देतोय ते बघून.

शर्करा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ खडे, वाळू. म्हणजे हा शब्द दाणेदार साखरेची साक्ष देतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा अशी यादी सलग येते. पातळ काकवीपासून दाण्यापर्यंतचा हा क्रम आहे. शर्करेची फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर आणि पुढे इंग्रजीत शुगर. खंडापासून कंद, कँडी. आणि फाणिताचा प्रवास तर भन्नाट आहे. फारसी पानीद, अरबी फानीद, स्पॅनिशमध्ये अल्फेनिके. मेक्सिकोतल्या त्या साखरेच्या कवट्यांच्या कलेला आजही अल्फेनिके म्हणतात. आपला काकवीचा शब्द कवटीपर्यंत गेला.

चीनकडे वळू. तांग राजवंशाच्या इतिहासात नोंद आहे की सम्राट थायत्सुंगने साखर उकळण्याची पद्धत शिकायला मगधात माणसं पाठवली. साल ६४७. दुनहुआंगच्या गुहांमधल्या कागदपत्रांत एक फाटका कागद मिळाला, तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात भारतीय ऊस आणि साखर करण्याची पद्धत टिपली आहे. पेकिंग विद्यापीठातले संस्कृतचे पंडित जी श्येनलिन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर लेख लिहिला. कागदातला एक चमत्कारिक चिनी शब्द हा 'शर्करा'चाच उच्चार आहे हे त्यांनी दाखवलं. याच जी श्येनलिन यांनी रामायणाचं चिनी भाषांतर केलं आणि २००८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं.

म्हणजे सातव्या शतकात तंत्र इकडून तिकडे गेलं. मग चीनी हा शब्द? पुढच्या काळात चीनमध्ये पिवळ्या मातीचं पाणी वापरून साखर पांढरी करण्याची पद्धत आली, सोंग यिंगशिंगच्या ग्रंथात तीही आहे. ही पांढरी साखर जहाजांनी भारतात यायची, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुंबईला कँटनहून साखर येत होती. जी श्येनलिन यांचं मत असं की चीनी हा शब्द या पांढऱ्या साखरेची आठवण आहे.

आता पाहा, हे मत पूर्ण बरोबर धरलं तरी त्याने काय सिद्ध होतं? पांढरा माल चीनहून आला, एवढंच. गाठी आली असं नाही. शब्द मालाचा होता आणि मी तो कलेच्या नावावर खपवला. शिवाय मराठीत आपण साखरच म्हणतो. चिनी आपल्याकडे माती असते. ज्या भाषेत तो शब्दच साखरेला वापरत नाहीत, त्या भाषेतल्या गाठीचा जन्मदाखला मी त्याच शब्दावर लिहीत होतो.

प्रश्न तिसरा: साखर कुठून आली?

हा प्रश्न मला सगळ्यात क्षुल्लक वाटला होता. तोच सगळ्यात मोठा निघाला.

वऱ्हाड कापसाचा मुलूख. उसाचा नाही. मग जिथे ऊस पिकत नाही तिथे घरोघरच्या पोरांच्या गळ्यात साखर कशी? आणि तीही पांढरी? गुळाची गाठी होत नाही, गुळात साखर फुटलेली असते आणि मळी भरपूर, तो स्फटिक नीट धरत नाही. जुन्या देशी पद्धतीत खांडसरीवर पाण्यातलं शेवाळ पसरून हळूहळू मळी खाली उतरवायचे आणि साखर पांढरी करायचे. वेळखाऊ काम, म्हणून महाग. अशी साखर दरबारात, देवळात, सावकाराच्या घरी. गावातल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात नव्हे.

म्हणून माझं आजचं म्हणणं असं आहे. साखरेचं पदक किंवा दोरा ही कल्पना जुनी असू शकते. पण घरोघरची गाठी, जी आपण परंपरा म्हणून ओळखतो, तिला स्वस्त पांढरी साखर लागते. आणि ती साखर वऱ्हाडात आगगाडीने आली.

१८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव फाटा सुरू झाला. गाड्या कापूस घेऊन मुंबईला जायच्या. परत येताना रिकाम्या येत नव्हत्या. मुंबई बंदरात तेव्हा मॉरिशसची साखर उतरत होती, जिथे उसाच्या मळ्यात आपलेच करारबद्ध मजूर राबत होते, आणि त्यात मराठी माणसंही होती. मग युरोपातली बीटची साखर आली, तिकडची सरकारं निर्यातीला पैसे देत म्हणून इतकी स्वस्त, की १८९९ मध्ये कर्झनच्या सरकारला तिच्यावर जादा जकात बसवावी लागली. मग जावाची साखर. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि पाच-सात वर्षांत देशातल्या कारखान्यांची संख्या तिपटीहून जास्त झाली. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरा सहकारी कारखाना सुरू झाला. मग कंट्रोल, रेशन. काकांना आठवतं की होळीच्या आधी त्यांच्या घरचे साखरेसाठी कुणाकुणाच्या रेशनकार्डावर भिस्त ठेवायचे.

म्हणजे गाठीचा इतिहास शोधायला मी चीनला निघालो होतो आणि शेगाव स्टेशनच्या मालधक्क्यावर येऊन थांबलो. गाठी जगाशी जोडलेली आहेच. फक्त तो धागा चेंगदूच्या ड्रॅगनमधून जात नाही. तो मॉरिशसच्या मजुरातून, जावाच्या जहाजातून आणि कापसाच्या परतीच्या वॅगनमधून जातो.

हे माझं गृहीतक आहे आणि ते पाडायचं कसं तेही सांगून ठेवतो. रेल्वेच्या आधीचा एखादा साचा, एखादी हिशेबाची वही, ज्यात वऱ्हाडातल्या साध्या शेतकऱ्याच्या घरी होळीची गाठी आलेली दिसते, ती मिळाली की मला प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. आपलं गृहीतक कशाने खोटं ठरेल हे जर तुम्हाला सांगता येत नसेल, तर सिनॉप्सिस अजून तयार नाही.

टॉपिक छोटा आहे म्हणणाऱ्यांना

पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे नावाचे क्युरेटर होते. जिलबी, तंबाखू, मेंदी, असल्या गोष्टींचा इतिहास त्यांनी संस्कृत-मराठी पोथ्यांमधून एकेक उल्लेख गोळा करून लिहिला. आज कुणीही जिलबीचा इतिहास लिहिताना त्यांच्या टिपणापाशी जातोच. त्यांनी तारखा लावल्या, म्हणून ते टिकले. वस्तू किती मोठी याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

तुमच्यासाठी माझ्याकडून एवढंच:

एक, दोन गोष्टी सारख्या दिसल्या की आधी त्या दोघी काय वापरून केल्यात ते लिहा. आकाराबद्दल नंतर.

दोन, शब्दाची व्युत्पत्ती मिळाली की स्वतःला विचारा, हा शब्द मालाचा, कृतीचा की वस्तूचा?

तीन, कच्चा माल कुणी पिकवला, कुणी वाहिला आणि काय भावाने, हा प्रश्न कधीही सोडू नका.

चार, करून पाहा. माझी दोन लिंबं वाया गेली, पण अर्धं प्रकरण मिळालं.

पाच, कारागिराला "माहिती देणारा" समजू नका. माझ्या वहीतली चूक काकांनी दुरुस्त केली. प्रबंधात ती दुरुस्ती त्यांच्या खात्यावर लिहिली आहे, त्यांची परवानगी घेऊन.

काकांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. भट्टी यंदा दोनच आठवडे पेटली. बाजारात मशीनची गाठी स्वस्त मिळते. त्यांच्या माडीवर अकरा जुने साचे आहेत, त्यातला एक कोयरीच्या पदकाचा. काकू म्हणत होत्या की मागच्या पावसाळ्यात दोन साचे वाळवी लागली म्हणून चुलीत गेले. ते दोन मी पाहिले नव्हते. उरलेल्या अकरांची मापं घेतली, फोटो काढले, प्रत्येकात एकदा पाक ओतून पाहिला.

निघताना काकांनी विचारलं, "तुह्या पुस्तकात चीन येते, मिसर येते. संग्रामपूर येते का नाई?"

पहिल्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात ते नव्हतं. नव्या शीर्षकात पहिलाच शब्द तो आहे.

तुमच्या घरी, आजोळी, माळ्यावर गाठीचा किंवा बत्ताशाचा जुना साचा असेल तर तो आधी कोरड्या जागी ठेवा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, साखर कुठून आणायचे. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढच्या लेखात बोर्डाच्या, स्टेशनच्या आणि दुकानाच्या जुन्या वह्या कशा वाचायच्या ते सांगतो.